अर्ध्या झालेल्या घरातली गादी

आमच्या गल्लीत कोनी परगावाहून आलं की लोक घेरून बसतात. काय पाहिलं, काय खाल्लं, तिकडचे लोक कसे. मी लातूरकडून आलो तवा कोनीच काही इचारलं न्हाई. माझ्या आधी माझी बातमी नांदेडात येऊन बसली होती. तिकडं कामावर लोह्याचा एक मिस्तरी होता, त्यानं लोह्याच्या बाजारात सांगितलं आनि बाजारानं नांदेडात. उस्मान पिंजारी गादीसकट दारात अडकला, एवढीच ती बातमी. पुढचं-मागचं कोनाला ठाऊक न्हाई. म्हनून आता सगळं मीच सांगतो. मला लिहिता येत न्हाई. मी बोलून राहिलो, माझी लेक शाहीन लिहून राहिली. तिला म्हनलो, मी जिथं येड्यावानी दिसतो तेवढं गाळ. ती म्हनली, मग उरतं काय, अब्बा.

घरून निघताना

माझं काम गाद्या आनि रजया भरायचं. नांदेडची अर्धी वस्ती माझ्या कापसावर झोपते. झोपेच्या बाबतीत मी सोताला उस्ताद समजायचो. भूकंप झाला त्या पहाटे नांदेडातबी खाटा हालल्या. सगळी गल्ली रस्त्यावर पळाली. मला वाटलं, बायको उठवून राहिली. मी म्हनलो, उठतो ना बाई, आनि कूस बदलली. लोक परत आले तवा मी घोरत होतो. तिकडं लातूरकडं गावंच्या गावं गेली, हे दुपारी कळलं. मंग मला लई दिवस घास गोड लागला न्हाई.

त्यालाबी काही वर्सं झाली. शाहीन नांदेडच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकते, घरं बांधायचं. तिच्या कॉलेजानं नवीनच काढलं, की अर्धं वरीस वर्गात बसायचं आनि अर्धं वरीस खऱ्या कामावर जायचं. कामावरच्या साहेबानं ठेवून घेतलं तरच वरीस धरायचं, न्हाई तर पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्या पोरांनी नांदेडातलेच रस्ते, नाल्या घेतल्या. हिनं मागून घेतली भूकंपातली घरं. औशाच्या पुढं एका गावात दगडी घरं मजबूत करायचं काम चाललं होतं, तिथं.

माझे थोरले भाऊ, आमचे भाईजान, कमी बोलतात. ते म्हनले, "जाऊ दे. पन तिथून परत धाडलं आनि वरीस गेलं, तर पुढं शिकवायचं न्हाई. एक स्थळ आलंय. लोक थांबून राहिले."

बायको मला दारापर्यंत सोडायला आली. "वहाँ जाको मूँ नको खोलो," म्हनली. "रस्ते में जितना बोलना उतना बोल लो."

लोह्याच्या पुढं

लेक पहिल्यांदाच घराबाहेर राहनार. मी तिच्यासाठी एक गादी भरली. चांगला कापूस होता, हात थांबला न्हाई. गादी एवढी जाड झाली, की दुकानाच्या दारातून काढताना दोघं लागले. तवाच मला कळाया पायजे होतं.

कंडक्टर म्हनला, "मामू, हा तिसरा पॅसेंजर कोन?" आनि गादी टपावर टाकायला लावली. मंग माझा जीव टपावर. बस थांबली की मी उतरून वर पाहायचो. लोह्याला उतरलो, लांब जाऊन नीट पाहून राहिलो, आनि बस निघाली. गादी गेली, लेक गेली, मी लोह्यात. शाहीननं ओरडून बस थांबवली. मी पळत पळत चढलो तर सगळी बस हसत होती. ती पुस्तकात तोंड घालून बसली, जनू आमची वळख न्हाई.

जरा वेळानं मी इचारलं, "बेटा, तू तिथं करनार काय?"

तिनं समजावलं. तिकडची दगडी भिंत जाड दिसते, पन खरं म्हंजे त्या दोन भिंती असतात, एक आतली, एक बाहेरची. मधी गोटे आनि चिखल. जमीन हालली की दोन्ही अलग होतात, पोट फुगतं आनि कोसळतात. म्हनून भिंतीला आरपार भोकं पाडायची आनि त्यात गज घालून सिमेंट भरायचं, म्हंजे दोन्ही बाजू एकमेकींना धरून राहतात.

"तुम्ही गादीला टाके घालता ना, अब्बा? टाके नसले तर कापूस एका बाजूला गोळा होतो. तसंच."

हे मला चटकन समजलं. तवापासून मी ज्या भिंतीपाशी जाईन तिथं मनात म्हनायचो, हिला टाके हायत का न्हाईत. अहमदपूरला चहाच्या हॉटेलात मी चहा बाहेर उन्हात उभं राहून पिला. हॉटेलवाला म्हनला, आत पंखा हाय. म्हनलो, पंखा हाय तेच बरं, पन वर काय हाय?

लातूर

लातूरला उतरलो आनि गादी खांद्यावर घेतली, तर चारी बाजूंनी लोक धावले. रूम पायजे का, मेस पायजे का, मुलगी कोनत्या क्लासला. त्या शहरात बाप आनि गादी एकत्र दिसले की तिसरी गोष्ट क्लासच असते. आमच्या नांदेडात चहाच्या टपरीवर लोक टेकून बसतात, तास तास गप्पा हानतात. लातूरच्या टपरीवर पोरं एका हातात चहा आनि एका हातात वही घेऊन उभी. ओठ हालतात, पन आवाज न्हाई. मला आधी वाटलं, दुवा मागून राहिलीत. शाहीन म्हनली, फॉर्म्युले आहेत.

एका मावशीच्या मेसमधी एक मुक्काम केला. शाहीन पोरींच्या खोलीत, मी ओट्यावर. खोलीत सामान ठेवायला गेलो तर मी सवयीनं सगळ्या गाद्या दाबून पाहिल्या. भाकरीसारख्या पातळ. मावशीला म्हनलो, यांच्यात कापूस न्हाई. मावशी म्हनल्या, "जाड गादी दिली की पोरी झोपतात. मंग त्यांचे आईबाप मला बोलतात."

ओट्यावर मुरुडचे एक गृहस्थ बसले होते. पोराला क्लासला सोडायला आलते, डोळे लाल. मला वाटलं आपल्यासारखाच बाप भेटला.

"तुमचं कोन?" त्यांनी इचारलं.

"लेक. इंजिनिअरिंगला हाय. आता गावाकडं कामावर चालली. भिंतीला भोकं पाडायला."

ते जरा सरकून बसले. "नापास झाली का?"

"न्हाई हो. पास हाय. कॉलेजानंच धाडलं."

"शिकायला घातलं आनि कॉलेज म्हनतं गवंड्याच्या हाताखाली जा? आमी पोराला गवंडीकामातून काढायला इथं आनलं. घर गहान न्हाई टाकलं, बाकी सगळं केलं. तुमी उलटं चालून राहिले, भाई."

मी हसलो. हसायची माझी सवय हाय. पन जेवताना वरनभात नुसता कालवत राहिलो. वाटलं, मुरुडवाला बरोबर बोलला. लेकीला घेऊन सकाळची नांदेडची गाडी धरावी. मंग आठवलं, की नांदेडात ते स्थळ थांबून राहिलंय. पुढं गेलो तर भिंत, मागं गेलो तर भाईजान.

गाव

गावाचं नाव सांगत न्हाई. तिथं मला अजून वळखतात.

कामावरची जीप लातूरला आलती, तिच्यातून गेलो, गादी मांडीवर, म्हनून मला रस्ता काही दिसला न्हाई. उतरलो तवा दिसलं ते असं. गावात दगडी घरं उभी, तडे गेलेली पन उभी. आनि हरेक घरासमोर एक पत्र्याचं शेड. लोक शेडात. चूल शेडात, खाट शेडात, देव शेडात. घरात कडबा, कोंबड्या, मोडकं औत. बाया घरासमोरून जाताना जरा लांबून जात होत्या. नांदेडात आमी ऊन लागलं की भिंतीच्या सावलीला टेकतो. तिथं सावली भिंतीची आनि मानसं उन्हात.

तिथल्या कामावरचे कुलकर्णी साहेब थकल्यावानी मानूस. शाहीनकडं पाहून म्हनले, "मला वाटलं मुलगा येईल. इथं राहायची सोय नाही. तुला लातूरच्या ऑफिसात नकाशे काढायला बसवतो."

"नकाशे मी कॉलेजातच काढते, सर. कॉलेज ऑफिसचं काम धरत नाही. मला भिंतच पाहायची आहे."

साहेबांनी डोकं खाजवलं. "मग घरवाल्यांना विचार. काम शिवाप्पांच्या घरात चालू आहे आणि राहावं लागेल त्यांच्याच शेडात. ते हो म्हणाले तर माझी हरकत नाही."

शिवाप्पा फेटा बांधून खाटेवर बसले होते. त्यांचा धाकटा भाऊ आनि भावजय भूकंपात शेजारच्या घरात दबून गेले. आता तिथं नुसता दगडांचा ढीग हाय आनि ढिगावर बाभळ आलीय. शिवाप्पांच्या बायकोनं, गंगाबाईनं, त्या दिसापासून घराचा उंबरा वलांडला न्हाई. हे मिस्तरीनं मला कानात सांगितलं.

आधी जेवायला बसवलं. उडदाचं घुटं, जवारीची भाकरी, शेंगदान्याची चटनी. गंगाबाई लांबून वाढत होत्या पन पुन्हा पुन्हा वाढत होत्या. माझ्या पिशवीत बायकोनं दिलेला खिम्याचा डबा होता. घर माळकऱ्यासारखं साधं, शिवाप्पांच्या गळ्यात लिंग, तिथं मटन कसं चालनार. मी तो डबा पायानं मागं सारत राहिलो. गंगाबाई म्हनल्या, "डब्यात काय हाय, भाऊ? गरम करू का?" मी म्हनलो, "लोनचं." लोनचं म्हनल्यावर त्यांनी वाटी पुढं केली. मंग मला सांगावं लागलं, की लई तिखट हाय, मेलेला मानूस उठतो. बोललो आनि जीभ चावली. त्या घरासमोर बसून हे बोललो. गंगाबाईंनी वाटी खाली ठेवली.

जेवन झाल्यावर शिवाप्पानं शाहीनला इचारलं, "पोरी, तुमच्या कॉलेजात भूकंप शिकवतात?"

"शिकवतात, आप्पा."

"आमचं घर पाहून ये. मंग बोलू."

ती आत गेली. लई वेळ आत होती. मी बाहेर उभा राहून प्रत्येक आवाजाला दचकून राहिलो. आली तवा केसांत माती.

"समोरची भिंत झालीय," ती म्हनली. "मागची बाकी आहे. तिला पोट आलंय. धाब्यावरची, म्हणजे छतावरची, माती पण उतरवायची आहे, वर फार वजन आहे."

"मंग आज रातच्याला आत झोपशील का?"

मिस्तरीनं थापी थांबवली. मी मनात म्हनलो, बेटा, हो म्हन, फक्त हो म्हन, पुढचं पाहू.

"आज नाही," शाहीन म्हनली.

साहेबांनी दुसरीकडं पाहिलं. मला तिथंच दिसलं, की वरीस गेलं, भाईजान उठून उभे राहिले, पावने दारात आले. बायकोनं सांगितलेलं सगळं डोक्यातून उडालं आनि मी तोंड उघडलं.

"ती न्हाई झोपत तर मी झोपतो. आत्ता. माझी लेक काम पाहायला असताना भिंतीची काय मजाल?"

"अब्बा, नको," शाहीन म्हनली.

पन मी गादी उचलली होती. दारात एका बाजूला कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, दुसऱ्या बाजूनं गादी ढकलत आत गेलो. आतमधी थंड होतं. सगळ्यात थंड जागा मागच्या भिंतीपाशी. तिथंच अंथरली.

दारातून शाहीनचा आवाज आला, "अब्बा, तिथं नको. तीच भिंत बाकी आहे."

आता सरकलो तर लोक काय म्हनतील. मी आडवा झालो आनि मोठ्यानं म्हनलो, "लई बेस झोप येऊन राहिली."

वर पाहिलं. लाकडं, लाकडांवर माती. किती माती असंल? शेजारी पाहिलं. भिंतीला पोट, माझ्यापेक्षा मोठं. नाकावर बारीक माती पडली. कोंबडी माझ्याकडं पाहून राहिली, जनू म्हनते, आमचं ठीक हाय, तुमी कामून आले? मी डोळे मिटले. झोपेचा उस्ताद मी, भूकंपात झोपलेला मानूस, अन् डोळे मिटून माती पडल्याचे आवाज मोजत होतो.

आनि तवा जमिनीखालून आवाज आला. कापूस पिंजायची धनुकली असते ना, तिच्या तातीवर ठोका मारला की धुंऽऽ होतं, तसं. कोनीतरी जमिनीखाली लई मोठी धनुकली धरून एकच ठोका मारला.

मी उठलो आनि पळालो. दुसऱ्या कोन्या मानसानं गादी टाकली असती. मी पिंजारी. हातात आलेली गादी मी आजवर सोडलेली न्हाई. गादी घेऊन दारात आलो, एका बाजूला कडबा, एका बाजूला चौकटीचं लाकूड, मधी गादी आनि गादीच्या मागं मी. पुढं जाता येईना, मागं जायची हिंमत न्हाई. मी आतून ओरडलो. बाहेरून कोनी कोपरा धरला, कोनी पाय. ओढता ओढता खोळ टर्रकन फाटली आनि मी कापसात लपेटलेला बाहेर पडलो. माझ्या मागून कोंबडी निवांत चालत आली.

गाव हसलं. लोह्याचा मिस्तरी तर खाली बसला. गंगाबाई जवळ आल्या, माझ्या दाढीतला कापूस काढत म्हनल्या, "लागलं का, भाऊ? तसा आवाज इथं येतोच अधूनमधून."

साहेब शांतपने म्हनले, "मामा, संध्याकाळी जीप लातूरला जाते. तुम्ही दोघं त्यातून जा."

मला हसू न्हाई आलं. जल्मभर लोकांना हसवलं, पन त्या दिवशी त्या हसन्यात माझ्या लेकीचं शिक्षन जाऊन राहिलं होतं आनि माझं तोंड कापसानं भरलेलं. तिच्याकडं पाहायची छाती झाली न्हाई.

शाहीन दारात गेली आनि कडब्याची एक पेंढी ओढून बाहेर टाकली. मंग दुसरी.

"आप्पा," ती म्हनली, "भिंत नंतर. दार आधी मोकळं पाहिजे. अब्बा अडकले तसे तुम्ही अडकाल."

शिवाप्पा खाटेवरून उठले आनि तिसऱ्या पेंढीचं दुसरं टोक त्यांनी धरलं. शेवटची पेंढी टाकून त्यांनी हात झटकले.

"साहेब, पोरगी राहू द्या."

"का हो? काय झालं?"

"आजवर जे आले ते म्हनले, घर पक्कं झालं, आप्पा, झोपा. मी झोपलो न्हाई. ही पैली म्हनली, आज नको. हिनं झोपा म्हनलं की मी झोपन." मंग माझ्याकडं पाहिलं. "बाप तेवढा घेऊन जावा."

परत

जीप निघेपर्यंत मी फाटलेली खोळ शिवली. दाभन माझ्या खिशात असतोच. गंगाबाई अंगनातला कापूस एक एक येचून आनून देत होत्या. टाके जरा जास्तच घातले. शाहीन म्हनली, "अब्बा, अम्मीला काय सांगणार?" म्हनलो, मूँ न्हाई खोललं म्हनून सांगतो. खिम्याचा डबा औशाला उघडला. त्याचं काय झालं ते इचारू नका, औशाचं एक कुत्रं मात्र मला दुवा देत असंल.

घरी भाईजानला एवढंच म्हनलो, "ठेवून घेतलं." ते म्हनले, "ऐकलं." लोह्याची बातमी.

खरी पंचाईत पुढं झाली. आमचं घरबी जुनं, दगडाचं. आजवर मी त्याच्या भिंती कधी पाहिल्याच न्हाईत, टेकलो फक्त. आता आडवा झालो की वर पाहायचो. तिसऱ्या दिवशी बिछाना उचलून गल्लीत टाकला. शेजारी म्हनले, उस्मानभाई, थंडीत उन्हाळा आला का? बायकोनं एक रजई जास्त आनून दिली. लेक त्या गावात काय करत असंल, मागच्या भिंतीला भोक पाडताना उभी कुठं राहत असंल, हेच डोक्यात. गिऱ्हाइकाच्या गादीत मी सुई इसरलो, एवढं सांगितलं म्हंजे समजा.

होळी झाल्यावर शाहीन आली. हाताला भेगा, रंग उन्हानं रापलेला, बोलन्यात "आप्पा असं म्हनतात, आप्पा तसं म्हनतात." कॉलेजानं वरीस धरलं होतं. गंगाबाईंनी शेंगदान्याच्या चटनीचा डबा दिलता आनि निरोप होता, की याच्यात लोनचं भरून पाठवा.

सगळे बसलो होतो. मी इचारलं, "शिवाप्पा झोपले का आत?"

"मागची भिंत झाली, माती उतरवली, मग ते म्हणाले, आज? मी म्हणाले, आज चालेल. त्यांनी खाट आत नेली, दाराजवळ टाकली. मी पण तिथंच झोपले, तुमच्या गादीवर."

"आनि गंगाबाई?"

"त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. अजून उंबऱ्यातच झोपतात. दार मोकळं आहे, त्यामुळे जागा होते."

असं बोलता बोलता तिची नजर आमच्या भिंतीवर फिरत होती. ती उठली. पिशवीतून लहान हातोडी काढली, भिंतीवर टकटक करत, कान लावत, कोपऱ्याकोपऱ्यातून फिरली. आमी सगळे मान वळवून तिच्या मागं. गल्लीत माझा बिछाना पडलेला तिला दारातून दिसत होता.

"अब्बा, ही भिंत ठीक आहे," ती म्हनली. "ती मागची नाही. पोट आहे तिला. उन्हाळ्यात करून घेऊ. तोवर बिछाना इकडं घाला."

मागच्या भिंतीला भाईजान टेकून बसले होते. त्यांनी मान वळवून भिंतीकडं पाहिलं, मंग शाहीनकडं. उठले, सोताचा तक्क्या उचलला आनि इकडं, तिच्या भिंतीपाशी, येऊन बसले.

मी गल्लीतून बिछाना आत आनला. या खेपेला दारातून एकटाच, आडवा करून.